मंडपात जाऊन बसा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



साहित्य संमेलनाचे दिवस जवळ आले की मी वर्गात विचारतो, "कोण कोण येणार?" मोजके हात वर होतात. दुसऱ्या दिवशी त्यांतले निम्मे खाली आलेले असतात, कारण मध्ये एक रात्र गेलेली असते आणि घरी विचारणा झालेली असते. पालकांचे म्हणणे मला ठाऊक आहे. "सर, पोराला इंजिनिअर व्हायचंय, त्याला कविता काय करायची? आणि भाषणं तर मोबाईलवर फुकट दिसतात!" प्रश्न रास्त आहे. कष्टाच्या पैशातून गाडीभाडे द्यायचे, तर त्याचा हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे. तो हिशेब आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम हे संमेलन काय आहे ते पाहू. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावले. मराठीत ग्रंथ वाढावेत, लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावे, हा त्यामागचा हेतू. त्या छोट्या सभेतूनच आजचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वाढले. आता तेथे ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतात, कविसंमेलने रंगतात आणि पुस्तकांची दुकाने रांगेने लागतात. मंडपात बसून ऐकायला साधारणपणे तिकीट लागत नाही. खर्च असतो तो जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा.

आता मोबाईलचा मुद्दा. पडद्यावर व्यासपीठ दिसते हे खरे. परंतु संमेलन व्यासपीठावर जितके घडते, त्याहून अधिक ते खाली घडते. पुस्तकाच्या दुकानापाशी, जेवणाच्या रांगेत, चहाच्या टपरीवर. ज्याचा धडा आपण पाठ केला तो लेखक तिथे पेला हातात घेऊन उभा असतो. त्याला विचारता येते, "सर, हा शेवट असा का केलात?" आणि तो उत्तर देतो! लेखक हा आपल्यासारखाच घाम पुसणारा माणूस आहे, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला आपणही लिहू शकू असे वाटू लागते. पडद्यासमोर आपण फक्त ऐकतो. मंडपात आपलेही कोणी ऐकून घेते.

समक्ष हजर असण्याला किती मोल असते, याचे एक उदाहरण देतो. १९७५ साली कऱ्हाडला संमेलन भरले तेव्हा देशात आणीबाणी होती आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता. अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष होते केंद्रातील मंत्री यशवंतराव चव्हाण. अशा व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले आणि मंडप उभा राहिला. पुढच्याच वर्षी बाईंना अटक झाली. ज्या काळात छापील शब्दाचे तोंड बांधले होते, त्या काळात निर्भय शब्द कसा उच्चारला जातो, हे त्या दिवशी मंडपात असलेल्यांनी डोळ्यांनी पाहिले. असे शिक्षण शाळेच्या चार भिंतींत आम्हां शिक्षकांना देता येत नाही.

पण आपल्या मनात याहून खोल एक शंका असते, आणि ती मी उघड बोलतो. "ते संमेलन आपलं आहे का?" माझ्या वर्गातील एक मुलगी निबंध छान लिहिते. एकदा तिच्या वहीत मला खोडलेले शब्द दिसले. 'अम्मी' खोडून 'आई' केले होते, 'खाला' खोडून 'मावशी'. विचारले तर म्हणाली, "सर, मराठीच्या पेपरात आपले शब्द कसे चालतील?" त्या वर्षी ती आमच्याबरोबर संमेलनाला आली. एका कवीने आपल्या मोहल्ल्यावरची कविता वाचली. तीत अम्मी होती, इफ्तारची घाई होती, आणि लोक टाळ्या देत होते. परतल्यावर लिहिलेल्या निबंधात तिची अम्मी आपल्या जागी परत आली होती. त्याबद्दल मी तिला एक शब्दही सांगितला नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, जरा विचार करा. कागद, कलम, शाई, तारीख आणि तुमच्या पाठीवरचे दप्तर हे सगळे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच रचला. या घरात आपण पाहुणे कधीच नव्हतो.

हेही खरे की दार सर्वांसाठी सारखे उघडे नव्हते. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारले. ज्यांना कष्टकऱ्यांचे हक्क मान्य नाहीत, त्यांच्या सभेशी आमचे जमायचे नाही, असा त्याचा आशय होता. पहिल्या स्त्री अध्यक्षा कुसुमावती देशपांडे यांची निवड व्हायला ग्वाल्हेरचे १९६१ चे संमेलन उजाडावे लागले. म्हणून ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांनी आपले मंडप उभारले. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते. आणि त्याच १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद करमाळ्यात जन्मलेले संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण यांनी भूषविले. माझे म्हणणे असे की आपल्या मुलांनी दोन्ही मंडपांत जावे. आपल्या मंडपात धीर मिळतो. मोठ्या मंडपात तो धीर कसाला लागतो. आपण गेलोच नाही, तर आपल्याविषयी बोलतील ते दुसरेच, आणि ते चुकले तर "असे नाही, साहेब" म्हणायला तिथे कोणी नसेल.

संमेलनात सारे सोनेच असते असे मी म्हणणार नाही. मानापमान असतात, पुढाऱ्यांची भाषणे लांबतात, कंटाळवाण्या कविताही ऐकाव्या लागतात. परंतु दाणे कोणते आणि फोलपट कोणते, हे निवडायला मूल तिथेच शिकते. इंजिनिअरलाही हे निवडणे यावेच लागते, आणि चार माणसांत उभे राहून प्रश्न विचारणेही.

जाताना मात्र जत्रेला गेल्यासारखे जाऊ नका. येणाऱ्या एखाद्या लेखकाचे एक तरी पुस्तक आधी वाचा. वहीत एक प्रश्न लिहून न्या आणि तो विचारल्याशिवाय परतू नका. एका पुस्तकापुरते पैसे वेगळे बांधून ठेवा. परत आल्यावर जे ऐकले ते वर्गाला सांगा, म्हणजे एकाच्या गाडीभाड्यात चाळीस जण जाऊन येतील.

पालकांना विनंती आहे की मुलींना मागे ठेवू नका. शिक्षिका सोबत असतील. शक्य तर आईनेही यावे, तिलाही ऐकायला आवडेल. आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना या व्यासपीठावरून एक सूचना करतो. दरवर्षी निदान पाच विद्यार्थ्यांचा, त्यांत तीन मुलींचा, संमेलनाचा प्रवासखर्च संस्थेने उचलावा. बक्षिसाचे पेले कपाटात राहतात. हा खर्च मुलांच्या वहीत उतरेल.

पुढच्या संमेलनाची तारीख जाहीर झाली की शाळेच्या फळ्यावर मी ती लिहीन. तिच्याखाली पाच नावे लिहिण्याची संधी आपण मला द्यावी, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.