शिधा आणि शिजलेलें अन्न

आजाऱ्याच्या समाचाराला जातांना रिकाम्या हातानें जाऊं नये, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. कोणी मोसंबीं नेतो, कोणी डाळिंबें, कोणी साबुदाण्याची पुडी. देणाऱ्याचें मन त्यांत असतें, यांत शंका नाहीं. परंतु ज्या घरांत मोसंबें सोलून द्यावयासहि दुसरें माणूस नाहीं, तेथें तीं फळें उशापाशींच सुकून जातात. जुन्या व्यवहारांत शिधा आणि सिद्ध अन्न असा भेद केलेला असे. शिधा घेणाऱ्याच्या अंगांत चूल पेटविण्याचें बळ आहे, हें त्यांत गृहीत धरलेलें असे. अंथरुणाला खिळलेल्या एकट्या माणसापाशीं नेमकें तेंच नसतें. हा भेद १९८५ सालीं न्यूयॉर्क शहरांतील एका बाईंच्या ध्यानांत कसा आला, आणि त्यांतून केवढें स्वयंपाकघर उभें राहिलें, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

बाईंचें नांव गंगा स्टोन. जन्मनांव इन्ग्रिड, ‘गंगा’ हें नांव त्यांना दिलें तें ठाणें जिल्ह्यांतील गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांनीं. १९७० नंतरच्या दशकांत त्या तेथील आश्रमांत राहिल्या होत्या. वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर स्नानास जाणाऱ्या मुंबईकरांना तो परिसर चांगला परिचयाचा आहे. मायदेशीं परतल्यावर कांहीं वर्षांनीं स्टोनबाई मरणोन्मुख रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेंत विनावेतन काम करूं लागल्या.

तो काळ एड्सच्या पहिल्या धास्तीचा होता. त्या रोगाची पहिली नोंद १९८१ सालची, आणि त्यावरील पहिलें औषध अमेरिकेंत मान्य झालें तें १९८७ सालीं. मधल्या वर्षांत रोग्याचें अंग झडत जाई, तोंडांत क्षतें पडत, घांस गिळवत नसे. त्यांत लोकभय निराळेंच. एका ताटांत जेवल्यानें किंवा हात हातीं घेतल्यानें हा रोग जडत नाहीं. पण हें समजेपर्यंत पुष्कळांचे मित्र दूर झाले होते, आणि कित्येकांचे आप्तहि.

अशा एका रुग्णाकडे किराणा मालाची पिशवी पोंचविण्याचें काम बाईंकडे आलें. त्यांनीं पिशवी नेऊन दिली. पण उठून चुलीपर्यंत जाण्याचें त्राणच त्या माणसाच्या अंगांत नव्हतें. पिशवींत सर्व कांहीं होतें आणि तो उपाशी राहणार होता. पुढच्या खेपेस बाई शिजलेलें जेवण घेऊन गेल्या. मग मैत्रिणी मदतीला आल्या, उपाहारगृहांच्या मालकांपाशीं शब्द टाकण्यांत आला, आणि हळूहळू डबे वाढले. अन्न घेऊन जातांना वाटेंत एका धर्मोपदेशकानें बाईंना हटकलें, आणि तुम्ही नुसतें अन्न नव्हे, देवाची माया पोंचवीत आहांत, असे उद्गार काढले. त्यावरून संस्थेचें नांव पडलें ‘गॉड्स लव्ह वुई डिलिव्हर’. नांवांत देव असला तरी संस्था कोणत्याहि एका पंथाची नाहीं, आणि जेवणाचा पैसा रुग्णाकडून घेतला जात नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच १९८५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को शहरांत, रूथ ब्रिंकर या साठी उलटलेल्या बाईंनींहि असेंच काम आरंभिलें. त्याचें कारण अधिक चटका लावणारें आहे. त्यांच्या ओळखीच्या एका आजारी गृहस्थाला मित्रमंडळी पाळीपाळीनें जेवण नेऊन देत असे. एकदां सुटीच्या दिवसांत पाळीचीं माणसें गांवाबाहेर गेलीं. बदली कोणी नेमला नव्हता. गृहस्थ तेवढे दिवस अन्नावांचून राहिला. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, त्यांतहि एखादें घर परगांवीं गेलें म्हणजे तो वार चुके. पण विद्यार्थी निदान दुसऱ्या दारीं चालत जाऊं शके. मित्रांत कोणी दुष्ट नव्हता. प्रत्येकाला वाटलें, दुसरा जाईल. ब्रिंकरबाईंनीं सात रुग्णांपासून काम सुरू केलें, आणि ‘प्रोजेक्ट ओपन हँड’ ही संस्था उभी राहिली.

अशा स्वयंपाकघरांतील काम दिसावयास अगदीं साधें. स्वयंसेवकानें हात धुवावे, केंस झांकावे, आणि पुढ्यांत आलेली गाजरांची रास चिरावी. तुकडे लहानमोठे झाले तर कांहीं कच्चे राहतात, कांहींचा लगदा होतो. तेव्हां मापहि सांभाळावयाचें. पहिल्या दिवशीं उत्साहानें आलेल्याला रुग्णाच्या चेहऱ्यावरचें समाधान पाहावयाचें असतें, आणि त्याला दिसतात गाजरें. येथें पुष्कळांची परीक्षा होते. रुग्णापर्यंत जाणारे थोडे, चिरणारे, भरणारे, चिठ्ठ्या चिकटविणारेच फार. तरी आठवड्याच्या ठरल्या वारीं न चुकतां येणारा माणूस अशा ठिकाणीं सोन्याच्या मोलाचा. लहर लागेल तेव्हां येणाऱ्या दहांनीं त्याची जागा भरून निघत नाहीं.

पथ्याचें प्रकरण मात्र साधें नव्हे. आपल्या घरांत मऊ भात आणि मुगाचें कढण हें बहुतेक दुखण्यांवर चालून जातें. बहुतेकांवर, सर्वांवर नव्हे. मूत्रपिंडें निकामी झालेल्याला बटाटा, टोमॅटो, केळें यांतील पोटॅशियम बाधूं शकतें. डायलिसिसपूर्वीं त्याला प्रथिनें बहुधा बेतानें देतात, आणि तो उपचार सुरू झाला कीं तींच वाढवावीं लागतात. मधुमेह्याचें गणित निराळें. गिळतांना ज्याला ठसका लागतो त्याचें जेवण बारीक करून, नाहीं तर अगदीं वाटून द्यावें लागतें. म्हणून न्यूयॉर्कच्या संस्थेंत आहारतज्ज्ञ नेमलेले आहेत. एड्सवर गुणकारी औषधें निघाल्यावरहि काम आटोपलें नाहीं. कर्करोग, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार जडलेल्यांसाठीं तें चालूंच राहिलें. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील एक पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत अशीं पथ्याचीं जेवणें मिळणाऱ्या रुग्णांना इस्पितळांत दाखल व्हावें लागण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यानें कमी आढळलें.

रुग्णाच्या घरीं लहान मुलें असलीं, किंवा त्याची सेवा करणारें वृद्ध माणूस असलें, तर न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरांतून त्यांचेंहि जेवण जातें. आजारी आईनें आपला घांस मुलाच्या ताटांत सारला नसता, असें कोण म्हणेल? हिमवादळांत रस्ते बंद होतात, तेव्हांसाठीं टिकाऊ पदार्थांची पिशवी घरोघर आधींच पोंचविण्यांत येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या गृहस्थाच्या घरांत नेमकी तीच नव्हती.

गंगा स्टोन २०२१ च्या जूनमध्यें वारल्या. ब्रिंकरबाई त्यापूर्वींच, २०११ सालीं. न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरांत एक प्रथा आहे. रुग्णाच्या वाढदिवशीं नेहमींच्या जेवणाबरोबर एक केक जातो, आणि त्यावर त्याचें नांव घातलेलें असतें. घालणाऱ्यानें त्या माणसाला बहुधा कधीं पाहिलेलें नसतें.