पोपच्या दरबारी राजदूत आणि आपले हक्क
(पिशोर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

उपासक-उपासिकांनो,

भारत सरकार रोमच्या पोपशी राजनैतिक संबंध ठेवते. निधर्मी राज्याला हे शोभते काय, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात येतो. एका विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणाकडूनही सक्तीने कर घेता येणार नाही, असे राज्यघटनेचे 27 वे कलम सांगते. तेव्हा हा प्रश्न विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

पोप हे धर्मगुरू आहेत, तसेच 1929 च्या लॅटरन करारान्वये ते व्हॅटिकन नगरराज्याचे अधिपतीही आहेत. भारताने 1948 साली त्यांच्याशी संबंध जोडले. त्याचा उपयोग काय झाला? पोर्तुगालला जुन्या सनदांमुळे हिंदुस्थानातील काही धर्मपीठांवर अधिकार होता. 1928 च्या करारानुसार तर मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज व एकदा ब्रिटिश असावा असे ठरले होते! 1950 साली पोप व पोर्तुगाल यांच्यात नवा करार होऊन ही व्यवस्था संपली आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. पुढे जुलै 1955 मध्ये पंडित नेहरूंनी पोपची भेट घेतली आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे, हे जगापुढे स्पष्ट केले. धर्माच्या आड लपणाऱ्या परसत्तेला उत्तर देण्यासाठी असा वकील असणे, माझ्या मते, योग्यच होय.

परंतु त्याची मर्यादाही ओळखा. राजदूत हा राज्याचे काम करतो. नागरिकाच्या श्रद्धेचा मुखत्यार तो नव्हे. पोपचा प्रतिनिधी 1948 पासून दिल्लीत आहे. तरीही अनुसूचित जातींसंबंधीच्या 1950 च्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना सवलतींबाहेर ठेवले. मोठ्या धर्मपीठाचा दरबार पाठीशी असूनही त्यांना न्याय मिळाला नाही.

आपल्या पाठीशी तर असा दरबार मुळीच नाही. भगवान बुद्धांनी आपल्या मागे कोणी वारस नेमला नाही. धम्म हाच मार्गदर्शक ठरवला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपणांस दीक्षा दिली, ती कोणा गादीच्या स्वाधीन करण्यासाठी नव्हे. धर्मांतरानंतर गेलेल्या सवलती बौद्धांना 1990 साली केंद्राच्या कायद्याने मिळाल्या. तो कायदा कोणा राजदूताने आणला नाही. चौतीस वर्षे मागणी लावून धरणाऱ्या तुमच्यासारख्या सामान्य कुटुंबांनी आणला.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, आमच्याही धर्मपीठाकडे राजदूत पाठवा, अशी मागणी करू नका. सर्व धर्मांच्या नागरिकांस एकच न्याय द्या, अशी मागणी करा. आणि ती करताना दलित ख्रिस्ती बांधवांनाही विसरू नका. आपल्या मुलांना पंचशीलाबरोबर घटनेचे 25 वे कलमही पाठ करवा. आपला खरा वकील तेच आहे.

जय भीम!