भुताळीण कोण ठरवतं?

(महिला शिबिरातलं भाषण)



आज लांबच्या मुलखातली गोष्ट सांगते. इंग्लंडच्या उत्तरेला स्कॉटलंड देश आहे. तिथं 1563 साली कायदा झाला : चेटूक करणाऱ्याला मरणाची शिक्षा. 1736 साली तो रद्द झाला. तोवर तीन हजारांहून जास्त माणसांवर आळ आला. दहातल्या आठ तरी बायाच होत्या.

आळ कोण घ्यायचं? शेजारीच. गाय आटली, पोर दगावलं, की मागचं भांडण आठवायचं. "ती पुटपुटत गेली होती," एवढं पुरे. मग चर्चची गावपंच मंडळी तक्रारी गोळा करायची आणि वर दरबारातून खटल्याचा परवाना आणायची. आळ गावाचा, फास सरकारचा.

कबुली कशी मिळवायचे? बाईला रात्रंदिवस झोपू द्यायचे नाहीत. पैसे घेऊन अंगात सुया टोचणारेही होते. टोचलेलं दुखलं नाही, रक्त आलं नाही, की म्हणायचे, ही सैतानाची खूण!

1590 साली गेलिस डंकन नावाची मोलकरीण आजाऱ्यांना बरं करायची. मालकाला संशय आला, हिला ही विद्या आली कुठून? त्यानंच तिचे हाल केले. तिच्या तोंडून इतरांची नावं काढली. त्यात ॲग्नेस सॅम्पसन होती. बाळंतपणं करणारी, औषधपाणी जाणणारी बाई. राजाच्या गलबतांना वादळ लागलं, त्याचं खापर तिच्यावर! राजानं स्वतः तिची चौकशी केली. 1591 साली गळा आवळून तिला जाळलं. त्याच साली युफेम मॅककॅल्झिअनला तर जिवंत जाळलं. ती बापाच्या इस्टेटीची वारस होती. इस्टेट राजानं जप्त केली.

सगळ्याच काही इस्टेटीपायी मेल्या नाहीत. बहुतेक सामान्य घरातल्याच होत्या. पण मदतीला धावणारी बाईसुद्धा सुटली नाही, हे ध्यानात ठेवा.

मग हे थांबलं कसं? चेटकिणी संपल्या म्हणून नाही. हाल करून घेतलेल्या कबुलीवर कोर्टाचा विश्वास उडाला, पक्का पुरावा मागायला लागले, म्हणून थांबलं.

आता आपलं बोलू. आपल्या पाड्यावर पोर तापलं, तर भगताकडं दाणे बघायला धावू नका, आधी दवाखाना गाठा. कुणी एखाद्या बाईला भुताळीण म्हटलं, तर चारचौघांत तीन सवाल विचारा. पुरावा काय? तुझं-तिचं भांडण कशाचं? ती गाव सोडून गेली, तर तिचा प्लॉट कोण कसणार?

जमिनीसाठी आपण फॉरेस्टवाल्यांसमोर एकजुटीनं उभे राहतो. तसंच त्या एकट्या बाईच्या दारात उभं राहायचं. तिला हाकललं, तर आपली एकी तिथंच तुटली.

जिंदाबाद!