ओळंबा कुणाच्या हाती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जलसंधारणाच्या शिबिरांत मी बरीच वर्षं काढली. सुरुवातीला मला एक खोड होती. मुलांना फळ्यावर सगळं समजावायचं आणि माळावर गेलं की चौकट मात्र स्वतःच हातात घ्यायची. काम भराभर व्हायचं, फोटो झकास यायचे. अशाच एका गावात तीन वर्षांनी गेलो, तर चर गाळानं भरलेले. "गाळ का नाही काढलात रे?" म्हटलं. एक मुलगा सरळपणे म्हणाला, "सर, ते तुमचे चर आहेत." राग आला. पण पोरगा खोटं बोलत नव्हता.

आता ही चौकट म्हणजे काय? सारख्या उंचीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी पट्टी, आणि शेंड्यापासून दोरीला लोंबता दगड. गवंड्याचा ओळंबाच म्हणा ना! इंग्रजी 'ए'सारखी दिसते म्हणून ए-फ्रेम. ती जमिनीवर टेकवून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करायची, पायांची जागा बदलून पुन्हा खूण करायची. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. मग उतारावर एक पाय रोवायचा, दोरी मध्यावर येईपर्यंत दुसरा सरकवायचा, फक्की टाकायची आणि पुढे जायचं. रेघ जरा कलली, तर पाणी चरात थांबत नाही. खालच्या टोकाला धावतं आणि भराव फोडतं.

२०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांत झाली, तेव्हा श्रमदानाआधी गावकऱ्यांनाच हे तंत्र शिकवलं गेलं. स्पर्धेबद्दल मतभेद असतील, पण हा क्रम मला पटला.

त्यानंतरच्या एका शिबिरात मी हात मागे बांधून उभा राहिलो. सोपं नव्हतं ते! एकोणीस वर्षांची एक मुलगी गटाची प्रमुख होती. तिची रेघ एका आजोबांच्या पडीक माळावरून जात होती. त्यांनी काठी आडवी धरली. "माझ्या रानात खड्डे? तू कोण सांगणार?"

ती गडबडली. माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

मग म्हणाली, "आबा, चर दोन फूट रुंद, एक फूट खोल. एक मीटर चरात एका भरतीला साधारण एकशे ऐंशी लिटर पाणी मावतं. पंधरा लिटरच्या बारा घागरी. आपल्या खालच्या आडातून उन्हाळ्यात किती निघतात?" आबा गप्प. तिनं चौकट त्यांच्या हातात दिली. "धरा. दोरी मध्यावर आली की सांगा." म्हातारा तासभर तिच्यासोबत वाकून चालला. दोन ठिकाणी रेघ त्यानंच दुरुस्त केली. पावसाचं पाणी कुठून वाहतं, ते त्याला आमच्यापेक्षा ठाऊक होतं. ग्रामसभेत होकारही आधी त्यानंच दिला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तिचा फोन आला. कोपऱ्यातला एक चर फुटला होता. "तिथं आमचीच रेघ चुकली, सर. उघडीप झाली की परत आखतो."

"मी येऊ का?" मी विचारलं.

"नको, सर. आबा आहेत."