बारा तासांची गोळी



आमच्या भूमचा खवा सगळ्यांना ठाऊक आहे. कर्करोगाच्या अभ्यासातही भूमचं नाव आहे, ते मात्र कमी जणांना माहीत असतं. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, ती बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांची. पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मोठ्या अभ्यासात आपल्या जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक बायका सहभागी झाल्या. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे २००९ मध्ये जगाला कळलं ते त्यांच्यामुळे. ज्या गावांनी एवढं दिलं, तिथली माउली शेवटच्या आजारात रात्रभर कण्हत का राहावी?

तिची वेदना शमवायला मॉर्फिन आहे. साधी गोळी चार तास पुरते, म्हणजे दिवसभर राबलेल्या सुनेनं रात्री दोनला उठून द्यायची. एसआर, म्हणजे सस्टेन्ड रिलीज, गोळीतून औषध सावकाश सुटतं आणि ती साधारण बारा तास पुरते. सकाळी एक, रात्री एक. खेड्यातल्या घराला परवडणारा शिरस्ता हाच.

डॉक्टरांनी आधी साध्या मॉर्फिनवर मात्रा ठरवावी, मग एसआरवर न्यावं. मधेच कळ उठली तर साधी गोळी घरात हवीच. ती दिवसाच्या एकूण मात्रेच्या सुमारे एक षष्ठांश. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून द्यावं. मूत्रपिंड अधू असेल तर फार जपून.

आशाताईंना माझी खास विनंती आहे. वयस्कर माणसाला गोळी कुटून चमच्यात पाण्याबरोबर द्यायची आपल्या घरांतली सवय आहे. एसआर गोळीच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं आणि श्वास मंदावतो. ही गोळी कुटायची नाही, चावायची नाही, मोडायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारायचं. घरोघर एवढं सांगाच.

व्यसनाची भीती खोटी नाही. अमेरिकेत ऑक्सिकॉन्टिन या अशाच गोळीची जोखीम कमी सांगून ती विकली गेली आणि २००७ मध्ये कंपनीला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. म्हणून ऊठसूट कंबरदुखीला हे औषध नको. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकानं दुसरं टोक गाठलं गेलं आणि खरे गरजूही वंचित राहिले. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता अनेक परवान्यांसाठी हेलपाटे घालावे लागत नाहीत, राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरते.

सोसण्याचंच म्हणाल, तर आपल्याच भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैन तीर्थ आहे. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथं सल्लेखना, म्हणजे अन्नत्यागानं देह ठेवण्याचं व्रत, घेतली. ते स्वेच्छेचं व्रत होतं, त्यापुढे आपण नतमस्तक आहोत. औषधाअभावी सोसावी लागणारी वेदना हे व्रत नव्हे, तो अन्याय आहे.

भूम आणि परांड्यातल्या सरकारी रुग्णालयांनी औषध नियंत्रकांची मान्यता घ्यावी, साधं आणि एसआर असं दोन्ही मॉर्फिन ठेवावं, असा ठराव या परिषदेनं आज संध्याकाळपर्यंत करावा, ही स्वागत समितीची आपणा सर्वांना विनंती आहे.