भिंतीची ओल आणि भाड्याचे घर



आज आपण भाड्याच्या घराविषयी बोलू. आपण खेड्यात राहतो. पण आपली मुले शिकायला लातूरला जातात. तिथे खोली घेऊन राहतात. कोणी कामधंद्यासाठी नांदेडला बिऱ्हाड करतो. पावसाळा लागला, की खोलीची भिंत ओली होते. पोपडे सुटतात. मग काळी बुरशी धरते. अंथरुणाला कुबट वास येतो.

बुरशीचे बारीक कण हवेत उडतात. ते श्वासाबरोबर छातीत जातात. लहान लेकरांना खोकला लागतो. दमेकऱ्याचा दमा वाढतो. म्हणून ही गोष्ट अंगावर काढू नये.

पण इथेच भांडण लागते. भाडेकरू म्हणतो, "मालक, तुमचं घर गळतं." मालक म्हणतो, "तुम्हीच घर कोंडून ठेवता, त्याला मी काय करू?" खरे कोणाचे? त्यासाठी ओल कुठून आली, ते आधी पाहावे.

छत गळते, भिंतीतला नळ फुटला आहे, किंवा जमिनीतली ओल वर चढून भिंतीला लोणा लागला आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. हा सारा घराचा दोष. तो मालकाने काढावा. पण खिडकी सदा बंद, चुलीची वाफ आत, ओली धुणीही आतच. त्याने बुरशी धरली, तर ती भाडेकरूची हयगय. नुसता चुना फासून भागत नाही. ओल आत राहते आणि बुरशी पुन्हा वर येते.

आता कायदा काय म्हणतो? पूर्वी मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा 1954 चा घरभाडे कायदा होता. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आहे. तो 31 मार्च 2000 पासून चालू झाला. तो शहरांसाठी आहे, दर खेड्याला लागू नाही. त्याचे कलम 14 सांगते, की करारात वेगळे ठरले नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे.

मालकाने दुरुस्ती केली नाही, तर काय करावे? त्याला लेखी नोटीस द्यावी. निदान 15 दिवसांची मुदत द्यावी. तरीही वाजवी वेळेत काम झाले नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण त्याला हद्द आहे. एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून जास्त कापता येत नाही. समजा, भाडे महिना 2,000 रुपये. वर्षाचे झाले 24,000. चौथाई म्हणजे 6,000. त्यापुढे नाही.

रागाच्या भरात सारे भाडे मात्र थांबवू नका. भाडे थकले, तर घर खाली करण्याचा दावा लागू शकतो. दर महिन्याची पावती मागून घ्या. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

आणखी एक. पुष्कळ ठिकाणी 11 महिन्यांचा परवान्याचा करार करतात. तो भाडेकरार नव्हे. त्यात भाडेकरूचे सारे हक्क मिळत नाहीत. म्हणून दुरुस्ती कोणी करायची, हे कागदातच लिहून घ्या. करार लेखी करून नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे.

खोली घेतानाच भिंती पाहा, फोटो काढून ठेवा. ओल दिसली, की लगेच मालकाला कळवा. तो पाहायला आला, तर त्याला आत येऊ द्या. तंटा वाढलाच, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे वकील फुकट मिळतो.

मंडळी, आता तुम्हांला अक्षर येते. कोणी म्हणेल, "करा इथं सही, वाचायचं काय त्यात?" तर त्याला सांगा, "थांबा मालक, आधी वाचतो, मग सही करतो."