पाण्याचे देणे



केलगेरीच्या तलावाची ओळख धारवाडकरांना करून द्यायला नको. नदी घाण पुढे तरी वाहून नेते. तलावाला ती सोय नाही. त्यात उतरलेले विष गाळात साचते, मासळीत भिनते. मग कारखान्याने पाणी नासवले, तर ते निस्तरायचे कोणी?

याचे उत्तर उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या खटल्यात मिळाले. तेथे एच-आम्ल बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याने विहिरींचे पाणी गर्द तपकिरी झाले. १९८९ मध्ये याचिका दाखल झाली. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की जो दूषित करील, त्यानेच जमीन व पाणी पूर्ववत करण्याचा खर्च सोसावा.

निकाल लागला; पैसे मात्र आले नाहीत. अर्जांमागून अर्ज होत राहिले. अखेर जुलै २०११ मध्ये न्यायालयाला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपयांवर १२ टक्के चक्रवाढ व्याज आकारावे लागले.

मित्रहो, न्यायालयात तत्त्व जिंकले, तरी वसुलीसाठी जागे राहावे लागते ते नागरिकांनाच. जलप्रदूषण कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणसालाही फिर्याद करण्याची वाट खुली झाली. पण फिर्यादीला पुरावा लागतो. म्हणून शाळेने केलगेरीच्या पाण्याची वही ठेवावी: रंग, वास, मेलेली मासळी आणि तारीख. पाण्याला साक्ष देता येत नाही. ती आपण द्यायची आहे.